सीएनजी : हिशेब घराचा आणि देशाचा

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८च्या आदेशाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आल्या. आज कोल्हापूरचा मध्यमवर्गीयही मोटारीसाठी तोच विचार करतो आहे. तो योग्यच, पण हिशेब पुरता मांडावा. सुमारे दोनशे बार दाबाची टाकी डिकीतील जागा व्यापते, घाटात इंजिनाची ओढ कमी पडते, टाकीची ठरावीक मुदतीने चाचणीही करावी लागते. ज्याचे रोजचे धावणे अधिक, त्यालाच हा खर्च भरून निघेल. शिवाय देशाला लागणारा सुमारे निम्मा वायू परदेशातून येतो. मात्र साखर कारखान्यातील प्रेसमडपासूनही असा वायू बनतो. २०१८च्या ‘सतत’ योजनेने ती वाट दाखविली आहे. उसाच्या या जिल्ह्याने ती धरली, तर घराची बचत आणि देशाचे स्वावलंबन दोन्ही साधेल.