तीन मीटर, तीन मेन आणि एकच जीव

भिवंडीत पद्मानगर किंवा शांतीनगरच्या गल्लीतून जाताना एखाद्या घराच्या जिन्याखाली डोकावून बघा. खाली चार-सहा माग, वर दोन भाऊ, चुली वेगळ्या. म्हणून मीटर तीन : मागांचा थ्री फेज आणि भावांचे दोन सिंगल फेज. मेन स्विचही तीन, तीन वेगळ्या वर्षी तीन वेगळ्या वायरमननी बसवलेले. मालकाला विचारा, तो म्हणेल, "अर्थिंग आहे ना, खड्डा मारलाय." माझं म्हणणं, घोटाळा ह्या "आहे ना"मध्येच आहे. (पुस्तकी मराठीत ह्याला भूसंपर्कन म्हणतात. माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला तो शब्द झेपत नाही, वायरमनलाही झेपणार नाही, म्हणून अर्थिंगच.)

जरा गणित करू. मागाच्या मोटरची फेज बॉडीला लागली. खड्ड्याचा रेझिस्टन्स ५ ओहम धरला, आणि उन्हाळ्यात कोरड्या खड्ड्याचा तो ह्याहून बराच जास्त असतो, तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. ३२ अँपिअरच्या एमसीबीला ४६ वर पडायला तासभरही लागू शकतो! तेवढा वेळ मागाची बॉडी जिवंत. आता धाकट्या भावाच्या पाण्याच्या पंपाचा खड्डा वेगळा आहे. त्या खड्ड्याला ह्या फॉल्टची खबरच नाही, तो शून्यावर बसलाय. एक हात मागावर आणि दुसरा पंपावर पडला, की दोन्हींमधला जवळजवळ सगळा व्होल्टेज छातीतून जाणार. दोन्हीकडे "अर्थिंग आहे" बरं का.

ह्यावर उपाय म्हणजे बाँडिंग. घरातल्या सगळ्या अर्थ वायरी, सगळे खड्डे, लोखंडी पाण्याचा पाइप, जिन्याचं रेलिंग, सगळं मीटरपाशी एकाच अर्थ बारवर आणायचं. मग फॉल्ट आला तरी हाताला येणारं सगळं लोखंड एकाच पातळीवर राहतं. आयएस ३०४३ ह्या मानकात (१९८७, सुधारित २०१८) हे सगळं दिलेलं आहे. आपण व्हायवाला त्याचा फक्त नंबर सांगतो.

न्यूट्रलचं मात्र बरोबर उलटं. तो प्रत्येक मीटरचा वेगळाच ठेवायचा. अमेरिकन व्हिडिओ बघून काही जण घरातल्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडायला निघतात. तिकडे ते सर्व्हिसच्या मेनपाशी मुद्दाम जोडतात, एकाच सर्व्हिसवर अनेक मेन असतील तर प्रत्येक मेनमध्ये. पण त्याच्या पुढे कुठेही नाही. आपल्याकडे न्यूट्रल अर्थ होतो तो ट्रान्सफॉर्मरपाशी. घरात जोडलात आणि बाहेरचा न्यूट्रल तुटला, तर सगळा करंट अर्थ वायरीतून परतायला बघणार, आणि फ्रिजपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांच्या बॉडीला करंट.

उसना न्यूट्रल हा आणखी एक प्रकार. जिन्यातल्या दिव्याची फेज थोरल्याची, न्यूट्रल धाकट्याचा. ईएलसीबी लगेच पडतो, कारण गेलेला करंट त्याच्यातून परत येत नाही. वायरमन काय करतो? न्यूट्रल शोधत बसण्यापेक्षा ईएलसीबीच बायपास करतो. ३० मिलिअँपिअरवर जीव वाचवणारी एकच वस्तू, तीच बाहेर! शिवाय धाकट्याने मेन पाडून वायर सोडली तरी थोरल्याच्या दिव्यातून त्या न्यूट्रलला करंट येतोच. तो बिचारा समजतो, लाइट बंद आहे.

अमेरिकन नियमात मला एक गोष्ट आवडली. एका सर्व्हिसला जास्तीत जास्त सहा मेन, ते सगळे एका ठिकाणी, आणि प्रत्येकावर लेबल. आपल्याकडे मागांची मेन दाराआड, एका भावाची जिन्याखाली, दुसऱ्याची माळ्यावर. आग लागली तर पाडायची कोणती?

२६ जानेवारी २००७ पासून भिवंडीत वीजवाटप फ्रँचायझीकडे आहे. तेव्हापासून मीटर फास्ट की स्लो ह्यावर चहाच्या टपरीवर तासन् तास वाद ऐकायला मिळतात. मीटरच्या पुढची वायरिंग मालकाची असते, तिच्यावर कुणी पाच मिनिटं बोलत नाही. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे उत्तर ठरलेलं.

आपल्या लॅबमध्ये अर्थ टेस्टर आणि क्लॅम्प मीटर वर्षातून दोनदा, प्रॅक्टिकलपुरते बाहेर येतात. सरांना विनंती आहे, माग बंद असतील अशा एखाद्या दिवशी ते आम्हाला द्या. एक वायरमन बरोबर घेऊ, दहा घरं तपासू, आणि परत येताना प्रत्येक मेनवर मराठीत आणि उर्दूत चिठ्ठी चिकटवून येऊ : ही कोणाची, आणि हिने काय बंद होतं.