मनमाडचे पाणी : टँकर, बोअर की थेट जलवाहिनी?

नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी, हे मनमाडकरांना नवे नाही. टाक्या, पिंपे, ड्रम भरून ठेवायचे आणि त्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून जपायचे, हे घरोघरचे काम. शहराची भिस्त वागदर्डी धरणावर. पाऊस कमी झाला की पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहायची आणि पाटोद्याच्या साठवण तलावातून पाणी उचलायचे. मग पूरक पाणी आणायचे कुठून?

आधी हिशेब पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ८० हजार होती. माणशी रोज १३५ लिटर धरले तर दिवसाला १ कोटी ८ लाख लिटर लागतात. वर्षाचे साधारण १४० दशलक्ष घनफूट, म्हणजे एका टीएमसीचा सातवा भाग. शेतीच्या आवर्तनांपुढे ही मागणी किरकोळच. खरा घोळ आहे तो पाणी शहरापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत.

१२ हजार लिटरच्या टँकरने एवढे पाणी आणायचे तर रोज ९०० फेऱ्या होतात. टँकर एखाद्या वस्तीची तहान भागवेल, शहराची नाही. जंक्शन आहे तर रेल्वेने का नको, असेही कुणी विचारेल. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला धावलेल्या ‘जलदूत’च्या ५० वाघिणींत एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येई. मनमाडच्या रोजच्या गरजेचा तो पाव हिस्साही नाही. बोअरचे तर विचारूच नका. इथला खडक बेसॉल्ट. पाणी मुरते ते फटींत आणि वरच्या झिजलेल्या थरात, त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी, एप्रिल-मेमध्येच बोअर कोरडे पडतात.

उरतो करंजवण धरणातून थेट जलवाहिनीचा पर्याय. तो सर्वांत भरवशाचा आहे. बंद नळीत बाष्पीभवन नाही, कालव्यातली गळती नाही, आवर्तनाच्या तारखांची टांगणीही नाही. मात्र एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. करंजवण आणि पालखेड दोन्ही कादवा नदीवरच आहेत. कादवेच्या खोऱ्यात पाऊस रुसला तर दोन्हीकडे एकदमच टंचाई येणार. म्हणून जलवाहिनी आली तरी वागदर्डीकडे पाठ फिरवता येणार नाही. तिथला गाळ काढून स्थानिक साठा राखावाच लागेल.

आणि शहरातल्या जुन्या नळ्यांचे काय? वितरणात ३० टक्के गळती धरली, तर पूर्ण पुरवठ्याच्या दिवशी ३२ लाख लिटर जमिनीत जातील. म्हणजे एका ‘जलदूत’पेक्षा जास्त! नवे पाणी जादा दाबाने आले की जीर्ण नळ्या आणखी फुटतात. त्यामुळे गळतीची मोजणी, झोननिहाय मीटर आणि नळ्या बदलण्याचे काम नगर परिषदेने जलवाहिनीचे पाणी येण्याआधी उरकायला हवे.