सायलेन्सर मिळत नाही, पावती मात्र लगेच मिळते

विश्रांतवाडी चौकात ट्रॅक्टर बाजूला घेऊन पावती फाडणं सोपं आहे. त्याच ट्रॅक्टरला बरोबर मापाचा सायलेन्सर कुठे मिळेल हे सांगणं अवघड आहे. आपली यंत्रणा पहिलं काम उत्साहाने करते आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. आज त्यावरच लिहितोय. पोस्ट लांबली आहे, पण ज्यांच्या घरात जुना ट्रॅक्टर आहे त्यांनी आणि ज्यांची झोप त्याच्या आवाजाने उडते त्यांनीही शेवटपर्यंत वाचावी.

शहरात ट्रॅक्टर कुठून आले, असं विचारणाऱ्यांनी एकदा धानोरी-लोहगाव रस्त्याला सकाळी सहाला उभं राहावं. उरलेलं लोहगाव २०१७ मध्ये महापालिकेत आलं, पण पालिकेचं पाणी काही त्याच दिवशी नळाला आलं नाही. सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांची तहान टँकरवर आली. त्यातले बरेच टँकर ओढतात ते जुने ट्रॅक्टर. शेत विकलं गेलं, ट्रॅक्टर दारात राहिला, मग तो पाणी, वाळू, राडारोडा ओढायला लागला. वडगाव शिंदे, निरगुडी, मरकळकडे तर तो अजून शेतातही जातो. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते तेव्हा दिंड्यांच्या मागेपुढे हेच ट्रॅक्टर पाणी घेऊन चालतात. त्या दिवशी त्यांचा आवाज कुणाला खुपत नाही.

बाकीच्या दिवशी खुपतो, आणि खुपायलाच हवा. कारण त्यातल्या निम्म्याअधिक ट्रॅक्टरवरचा सायलेन्सर त्या ट्रॅक्टरचा नसतोच. कुठला तरी उचलून, पट्टी मारून, वेल्डिंग करून बसवलेला असतो.

मागच्या उन्हाळ्यात धानोरीच्या ओळखीच्या एका मामांबरोबर मी त्यांच्या एचएमटी ३५२२ साठी सायलेन्सर शोधत फिरलो. जुना पार सडला होता, आतली जाळी गळून पडली होती. नाना पेठेपासून नगर रस्त्यापर्यंत दुकानं पालथी घातली. जवळजवळ प्रत्येक काउंटरवर पहिला प्रश्न एकच, "किती एचपी?" मामा म्हणाले, "पस्तीस." लगेच आतून एक काळा डबा आला. "हा बसतो सगळ्यांना."

सगळ्यांना बसतो म्हणजे नेमका कुणालाच बसत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. एचपी हे सायलेन्सरचं माप नाही. दोन कंपन्यांच्या पस्तीस एचपी इंजिनांत सिलिंडर किती, धुराचं तोंड कुठल्या बाजूला, नळीचा आतला व्यास किती, हे सगळं वेगळं असू शकतं. मॅनिफोल्डवर बसणाऱ्या फ्लँजला भोकं दोन की तीन की चार, आणि त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर किती, इथे दोन मिलीमीटरचा फरक पडला तरी बोल्ट जात नाही. सायलेन्सर बॉनेटवर उभा की खालून आडवा, डब्याची लांबी किती, वरचं तोंड कुठवर, ही मापं राहिलीच. एकाच मॉडेलच्या मागच्या-पुढच्या सालातही फ्लँज बदललेला सापडतो. म्हणून मॉडेल, इंजिन नंबर आणि साल विचारल्याशिवाय जो दुकानदार माल काढतो, तो आपल्याला सायलेन्सर विकत नसतो, त्याच्याकडे पडून असलेला डबा खपवत असतो.

"अहो, धूर बाहेर गेला की झालं," असंही एकाने ऐकवलं. नाही होत. इंजिनातून धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. सायलेन्सरच्या आतले कप्पे आणि भोकांची नळी त्या धक्क्यांना पसरायला जागा देतात आणि आवाज आतल्या आत मारतात. नळी गरजेपेक्षा अरुंद असली तर धूर अडतो, इंजिन घुसमटतं, तापतं, लोडवर काळा धूर ओकतं आणि डिझेल जास्त खातं. डबा आतून रिकामाच असला तर इंजिन मोकळं होतं, पण आवाज गल्लीभर आणि ठिणग्या वैरणीवर. डबा प्रमाणाबाहेर जड असला तर खडकाळ रस्त्याला हिसके बसून मॅनिफोल्डचे स्टड तुटतात. तोंड बुटकं असलं तर सगळा धूर चालकाच्या नाकात.

मामांच्या ट्रॅक्टरला शेवटी तो "सगळ्यांना बसणारा" डबाच मधे जोडपट्टी वेल्डिंग करून बसवला. दीड महिन्यात एक स्टड तुटला. डब्याचे पैसे गेले, लेथवाल्याचे गेले, चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तो धंदा गेला. आणि या सगळ्यानंतर चौकात आवाजाची पावती!

आता कायदा काय म्हणतो बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सांगतो की प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर हवाच, आणि त्यात शेतीच्या ट्रॅक्टरचा उल्लेख वेगळा केलेला आहे. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा बरोबर आहे. माझं भांडण कायद्याशी नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालापासून कागदावर आहे. ती आपल्या टँकरच्या रस्त्यावर कधी पाळली गेली, असा प्रश्न सोसायटीवाल्यांनी विचारला तर त्यांचं काही चुकत नाही.

भांडण आहे ते अर्ध्या कायद्याशी. सायलेन्सर लावायची सक्ती चालवणाऱ्यावर. तो बरोबर मापाचा उपलब्ध ठेवायची सक्ती कुणावर? डब्यावर कुठल्या मॉडेलचा, कुणी बनवला, हे ठसठशीत छापायची सक्ती कुणावर? चौकात पावतीपुस्तक आहे, पण आतून पोकळ डबे विकणाऱ्या दुकानात कोण जातं? बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, फोटो छापून येतात. आम्हीच छापतो. ते योग्यच आहे. पण हौसेने आवाज करणारा आणि नाइलाजाने आवाज करणारा, या दोघांना एकाच रोलरखाली घालणं हा न्याय नव्हे. हौसेखातर ट्रॅक्टरला भोंग्यासारखी नळी लावून मिरवणाऱ्यांची वकिली मी करत नाही. त्यांना खुशाल दंड करा.

आणि हे सगळं कुठे चाललंय? पुण्यात! वाहनं तपासणारी देशातली नावाजलेली संस्था, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय, आपल्या वेताळ टेकडीवर आहे. चाकणला गाड्यांचे कारखाने, सणसवाडीला ट्रॅक्टरचा कारखाना, भोसरीत पत्रा कापणारी, वाकवणारी, वेल्डिंग करणारी शेकडो वर्कशॉप. आळंदी रोडचं आरटीओ कार्यालय तर चौकापासून हाकेच्या अंतरावर, फुलेनगरला. मोशीच्या शेती प्रदर्शनात दर वर्षी नवे कोरे ट्रॅक्टर हार घालून उभे असतात. एवढ्या सगळ्या पसाऱ्यात एका जुन्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचं माप लिहिलेला कागद मिळू नये?

कुणी म्हणेल, जुना ट्रॅक्टर भंगारात घाला, नवा घ्या. घ्या म्हणजे काय, सहा-सात लाख कुठून आणायचे? दोन हजारांच्या भागासाठी सात लाखांचं कर्ज काढा, हा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतःचा फ्रिज रबर खराब झालं म्हणून फेकून दाखवावा. ट्रॅक्टरचं इंजिन नीट ठेवलं तर तीस-तीस वर्षं चालतं. कंपन्या तेवढ्या टिकत नाहीत. एचएमटीने १९७१ मध्ये पिंजोरला झेटरच्या तंत्रज्ञानावर ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. तो ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आयशरचा ट्रॅक्टर धंदा २००५ मध्ये टॅफेकडे गेला. स्वराजची कंपनी २००७ मध्ये महिंद्राच्या ताब्यात आली. मालक बदलले, पाट्या बदलल्या, कारखान्यांना कुलपं लागली. शेतातलं यंत्र मात्र रोज सकाळी सुरू होतंय. त्याच्या भागांची मापं कुणाच्या कपाटात आहेत, हे विचारायचा हक्क शेतकऱ्याला नको?

हक्काची भाषा सरकारनेच केली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. चार क्षेत्रं निवडली, त्यात शेती अवजारं आहेत. २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. त्यानुसार कंपन्यांना भाग, हत्यारं आणि माहितीपुस्तिका शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्त्रीला द्याव्या लागतात. तिथल्या शेतकऱ्याला जे कळतं ते आपल्याला कळत नाही असं थोडंच आहे? आपण मागत नाही, एवढंच.

आणि उद्या हे आणखी अवघड होणार आहे. ५० एचपीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागले. त्यांच्या धुराच्या वाटेवर आता नुसता पत्र्याचा डबा नाही, धूर शुद्ध करणारी यंत्रणा आहे, सेन्सर आहेत. ती पंधरा वर्षांनी बिघडली की वेल्डिंगवाला काय करणार?

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, बंद झालेल्या मॉडेलसकट सगळ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची मापं आणि पार्ट नंबर सरकारने कंपन्यांकडून घेऊन मराठीत जाहीर करावेत. दोन, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायलेन्सरवर बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल कोरलेलं असावं, आणि तपासणी दुकानातही व्हावी. तीन, आवाजासाठी पकडलेल्या ट्रॅक्टरवाल्याला बदलायला मुदत द्यावी. मुदतीत नाही बदलला तर करा दंड, आम्ही मधे येणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. जुना सायलेन्सर कितीही सडला असला तरी भंगारवाल्याला देऊ नका, तोच तुमचा नमुना आहे. फ्लँज पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आखून घ्या, भोकांसकट. नळीचा आतला व्यास, डब्याची लांबी, एकूण उंची लिहा, इंजिन प्लेटचा फोटो काढा. नवा डबा हातात घेऊन हलवा, आत काही खुळखुळलं तर परत करा. गॅस्केट नवंच घाला. आणि पक्कं बिल मागा, कारण बिल नसेल तर ग्राहक आयोगात तुमची बाजू लंगडी पडते.

एक शेवटचं. आवाजाचा त्रास रस्त्यावरच्या माणसाला दोन मिनिटं होतो. चालकाच्या कानापासून तो डबा हाताच्या अंतरावर असतो, दिवसभर. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कानाची मर्यादा मानतात, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ९४ ला पोचलात की एकच तास. आपल्याकडे ट्रॅक्टर चालवणारी पन्नाशीतली माणसं फोनवर ओरडून का बोलतात, कधी विचार केलाय? त्यांना कुणी पावती दिली नाही. त्यांनी कान दिले.

ज्यांच्याकडे जुन्या ट्रॅक्टरच्या फ्लँजची मापं असतील त्यांनी मॉडेल आणि सालासकट मला पाठवा. यादी मी करतो, आणि तीच जोडून आळंदी रोड आरटीओला निवेदन देऊ. सरकार करेल तेव्हा करेल.