भिंतीवर टांगलेली अग्निसुरक्षा

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण ज्या कुणी प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढे औंढा नागनाथसारखेच एखादे क्षेत्र असले पाहिजे. महाशिवरात्रीला आणि श्रावणातील सोमवारी येथे भाविकांची रीघ लागते. उतरण्याच्या जागा, मंगल कार्यालये आणि भोजनगृहे भरून जातात. जिल्ह्याचे ठिकाण असलेले हिंगोली येथून सुमारे २५ किलोमीटरवर. तेथून मदतीचा बंब निघून यात्रेच्या गर्दीतून वाट काढीत पोहोचेपर्यंत जो वेळ जाईल, तो आगीच्या हिशेबात फार मोठा आहे. आग आटोक्यातली असते ती पहिली काही मिनिटेच.

या मिनिटांसाठी म्हणून इमारतीच्या जिन्याजवळ लाल चाकावर गुंडाळलेली एक रबरी नळी बसवलेली असते. तिला होज रील म्हणतात. अग्निशमन दलाचे जवान वापरतात ती कापडी नळी वेगळी. ती पूर्ण उलगडल्याखेरीज तीत पाणी सोडता येत नाही आणि तिचा जोर नवख्या हाताला पेलत नाही. होज रील मात्र मुद्दाम सामान्य माणसासाठी घडवलेली आहे. बोटभर जाडीची, साधारण ३० मीटर लांबीची ही नळी हवी तेवढीच ओढली तरी पाणी देते आणि एका माणसाला धरता येते. तिचे हे सोपेपण हाच तिचा गुण, आणि धोकाही त्यातच आहे. जिला कधी हात लावलेला नाही अशी नळी ऐन वेळी हाती आली, की माणूस पळायचे सोडून आगीपुढे उभा राहतो.

उभे राहण्यालाही काही रीत आहे. आधी आरडाओरडा करून सर्वांना सावध करणे, १०१ क्रमांकावर कळवणे, विजेचा मुख्य स्विच बंद करणे. नळीची पाळी त्यानंतर. चाकाजवळची चावी फिरवल्यावर नॉझल क्षणभर उघडून पाणी येते की नाही हे भिंतीपाशीच पाहिले पाहिजे. आगीसमोर जाऊन नॉझल उघडावे आणि नुसती हवा बाहेर यावी, यासारखी फसगत नाही. सोबत दुसरा माणूस असावा, पाठ बाहेरच्या दाराकडे असावी, अंग वाकवलेले असावे आणि पाणी ज्वाळांच्या शेंड्यावर न मारता बुडाशी मारावे. जळत्या तेलातुपावर मात्र पाणी मुळीच नको. त्याची तत्क्षणी वाफ होते आणि पेटलेले तेल चहूकडे उडते. भोजनगृहातील आचाऱ्याला हे कुणी सांगितलेले असते काय? आणखी एक गोष्ट ध्यानात येत नाही. नळी दारातून आत नेली की ते दार मिटत नाही, आणि आतला धूर ज्या जिन्याने लोक उतरत असतात त्याच जिन्यात शिरतो. धुराने छत दिसेनासे झाले, तर नळी तेथेच टाकून, दार ओढून घेऊन बाहेर पडणे यात कसलाही भ्याडपणा नाही. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासातील आगीने मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. ज्यांचे आयुष्य आगीशी झुंजण्यात गेले त्यांची ही गत, तर रखवालदाराने किती वेळ झुंजावे?

मग नळ्या काढून टाकाव्यात आणि सर्वांना पळण्याचाच सल्ला द्यावा, असे म्हणणारेही आहेत. निरोगी माणसांच्या कचेरीपुरते ते ठीक आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली तेव्हा आत १७ बालके होती; ७ वाचली, १० दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात ११ रुग्णांना प्राण गमवावे लागले. या माणसांना 'पळा' कुणी म्हणायचे? जेथे निजलेल्यांना उचलून न्यावे लागते, तेथे ते नेले जाईपर्यंत आगीला थोपवून धरणारे कुणीतरी हवे असते. यात्रेच्या रात्री एका दालनात दाटीवाटीने झोपलेल्या वृद्ध यात्रेकरूंची अवस्था फारशी निराळी नसते.

मराठवाड्यात प्रश्न अर्थात पाण्यापाशी येऊन थांबतो. गच्चीवरची टाकी उन्हाळ्यात आंघोळी-धुण्यासाठी तळापर्यंत उपसली, तर खालची नळी ही निव्वळ शोभेची वस्तू उरते. यावर उपाय गवंड्यालाही ठाऊक आहे: वापराच्या पाण्याचा नळ टाकीच्या तळाशी न जोडता वर जोडायचा, म्हणजे खालचा साठा आगीसाठी राहतो. होज रील मिनिटाला दोनेक बादल्या पाणी घेते. टँकर आणतो तेवढे पाच हजार लिटर तिला दोन तासांहून अधिक पुरतात. तेव्हा पाणी नाही ही सबब टिकत नाही. नळी उघडून पाहण्याच्या सरावाला तर चार-पाच बादल्या पुरेत, आणि त्या झाडांना घालता येतात.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा याच तालुक्यात उभी राहायची आहे. तिच्यामागून वसतिगृहे, हॉटेले आणि नव्या इमारती येतील, आणि त्यांच्या भिंतींवर लाल चाकेही येतील. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाने मालकावर किंवा भोगवटादारावर एक बंधन घातले आहे. अग्निशमनाची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. यंत्रणा ठीक आहे एवढेच त्या कागदावरून कळते. ती चालवणारा हात ठीक आहे की नाही, हे त्यात येत नाही. वास्तविक औंढ्याला हे दोन्ही महिने फार सोयीचे आहेत. जानेवारीनंतर महाशिवरात्र येते आणि जुलैच्या सुमारास श्रावणाची चाहूल लागते. दाखल्यासाठी संस्थेचा माणूस येईल त्याच दिवशी इमारतीत रात्री मुक्कामाला असणारा रखवालदार, व्यवस्थापक आणि आचारी यांना बोलावून प्रत्येकाच्या हाती नळी द्यावी, ती शेवटच्या खोलीपर्यंत ओढायला लावावी आणि पाणी कुठवर पोहोचते ते सर्वांदेखत पाहावे. नगरपंचायतीनेही दाखला स्वीकारताना त्या तिघांना समोर बोलावून चावी कोणत्या बाजूला फिरते एवढे तरी विचारावे.