घर दोघांचे, उतारा एकाचाच

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्यानजीकच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. हेच खेडे पुढे सेवाग्राम या नावाने जगाला ठाऊक झाले. तेथे प्रथम उभ्या राहिलेल्या आदिनिवासात गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि आलेगेले पाहुणे अशा सर्वांचाच वावर असे. त्या गर्दीत कस्तुरबांची होणारी कुचंबणा जमनालालजी बजाज यांच्या ध्यानी आली आणि त्यांनी बांसाठी एक स्वतंत्र कुटी बांधवून दिली. आजही ती ‘बा-कुटी’ म्हणून दाखविली जाते. दिवसरात्र माणसांच्या राबत्यात राहणाऱ्या गृहिणीला आपले म्हणता येईल असे छप्पर हवे असते, ही साधी गोष्ट एका जाणत्या गृहस्थाने ओळखली. वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील गृहस्थांनी आज आपल्या घरापुरती तीच गोष्ट ओळखण्याची वेळ आली आहे.

जिल्ह्यातील कोणत्याही गावात शिरावे. घराचे अंगण सारवणारी, पावसाळ्याआधी कवेलू फेरून घेण्याची आठवण करणारी, कापूस विकून आलेल्या पैशातून सिमेंटच्या चार पोत्यांपुरते बाजूला ठेवणारी, मुलांच्या शाळेचा आणि सासूच्या औषधांचा हिशेब एकाच वेळी डोक्यात वागविणारी ती घरची स्त्रीच असते. लोकव्यवहारात तिला ‘घरधनीण’ म्हणतात. परंतु ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठचा उतारा काढला, तर त्यावर बहुधा एकच नाव आढळते. ते कुटुंबप्रमुख पुरुषाचे असते किंवा कैक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आजोबांचे. घरधनिणीचा त्या कागदावर मागमूसही नसतो.

अडचण केव्हा उभी राहते?

कर्ता पुरुष हयात आहे तोवर ही उणीव कोणाला जाणवत नाही. ती जाणवते तो चालता-बोलता माणूस एकाएकी गेल्यावर. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. तत्कालीन पंतप्रधान त्या वेळी जिल्ह्यातील वायफड या गावी येऊन गेले. कर्जाची, व्याजाची, कापसाच्या भावाची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. मागे राहिलेल्या बाईच्या डोक्यावरचे छप्पर कोणाच्या नावे आहे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

तो महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विचारला. विदर्भ आणि मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींची पाहणी झाली. पती जी शेती कसत होता तिच्यावर ४० टक्के स्त्रियांना अद्याप हक्क मिळालेला नव्हता. घरावरील हक्क तर केवळ ३५ टक्के स्त्रियांच्याच पदरी पडला होता. म्हणजे दर तीन स्त्रियांपैकी जवळपास दोघी ज्या घरात नांदल्या, त्या घराच्या कागदावर परक्याच राहिल्या.

कायद्याचे गणित समजून घेतले, तर हे असे का होते ते उमगते. एखाद्या गृहस्थाने स्वकष्टाने घर बांधले, ते त्याच्या एकट्याच्या नावे राहिले आणि मृत्युपत्र न करता तो गेला, असे समजू. मागे त्याची आई, पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे या घराचे चार समान भाग होतात. ज्या पत्नीने आयुष्यभर ते घर सांभाळले, तिचा वाटा एक चतुर्थांश! तेच घर आधीपासून दोघांच्या नावे निम्मे-निम्मे असते, तर स्वतःचा अर्धा भाग आणि पतीच्या अर्ध्यातील चौथा हिस्सा मिळून घराचा पाच-अष्टमांश भाग तिच्याकडे आला असता. मुले अज्ञान असतील तर आणखी एक पेच पडतो. अज्ञान मुलाच्या स्थावर मिळकतीचा हिस्सा विकण्यास वा गहाण ठेवण्यास खुद्द आईलाही न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. मुलांच्या हिताच्या दृष्टीने ही तरतूद योग्यच आहे. पण लेकराचे आजारपण दारात उभे असताना घर तारण ठेवण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालणाऱ्या आईला ती किती जड जात असेल, याची कल्पना करावी.

‘नाव चढले की घर फुटते’

या सूचनेवर नेहमीचा आक्षेप असा की, बाईचे नाव कागदावर आले की संसारात ‘तुझे-माझे’ सुरू होते. कुटुंबाच्या ऐक्याविषयीची ही काळजी खोटी नाही, पण ती भलत्या ठिकाणी व्यक्त होते. खेड्यापाड्यांतील घरे फुटतात ती बहुधा कर्त्या पुरुषाच्या पश्चात, नोंदी अर्धवट राहिल्यामुळे आणि भावाभावांतील हिस्से संदिग्ध राहिल्यामुळे. स्पष्ट कागद असलेल्या घरात भांडणाला जागाच कमी उरते. शिवाय आपल्या दाराशी आलेल्या सुनेला लक्ष्मी म्हणून माप ओलांडायला लावायचे आणि घराच्या उताऱ्याशी मात्र तिचा संबंध नाही असे म्हणायचे, यांत कोणती सुसंगती आहे?

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपराही नीट पाहावी. याज्ञवल्क्य स्मृतीने, पित्याने मुलांत समान वाटणी केल्यास, ज्या पत्नींना स्त्रीधन मिळालेले नाही त्यांनाही समान वाटा देण्यास सांगितले आहे. निपुत्रिकाच्या वारसांत त्या स्मृतीने पहिले स्थान पत्नीलाच दिले. मधल्या काळात हा विचार झाकोळला. १९३७ च्या कायद्याने विधवेला हयातीपुरता मर्यादित हक्क मिळाला, तर १९५६ मध्ये स्त्रीच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य झाली. तरीही त्या कायद्याच्या २३ व्या कलमात एक मेख होती. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार, पुरुष वारसांनी वाटणी करावयाचे ठरवीपर्यंत, स्त्री वारसांना नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेले. थोडक्यात, कायद्याने घराचे दार उघडले आहे. आत कडी लावून बसली आहे ती सवय.

करावयाचे काय?

महाराष्ट्राच्या ग्रामविकास खात्याने २००३ सालीच परिपत्रक काढून गावातील घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची वाट मोकळी केली. ‘घर दोघांचे’ या नावाने ही मोहीम पुढे अनेक गावांत चालली. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे पतीने संमतीचा अर्ज द्यावयाचा असतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. नमुना आठ हा मूलतः घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. त्यावरील नाव उपयोगी असले, तरी तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. म्हणून ज्यांना पक्के काम करावयाचे आहे, त्यांनी नोंदणीकृत बक्षीसपत्राने पत्नीला घरात हिस्सा द्यावा. राहते घर पत्नीला वा मुलांना बक्षीस देताना राज्यात २०१५ पासून मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार व इतर किरकोळ खर्च वेगळा. एखाद्या लग्नाच्या मांडवखर्चापुढे ही रक्कम काहीच नाही.

गावठाणातील घरांना आजवर बहुधा मालकीचा कागदच नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या घराची पत्रिका तयार होत असेल, तेथे नाव चढवितानाच दोघांचा विचार व्हावा. एकदा एकाचे नाव लागले की दुसरे लावण्यास पुन्हा निमित्त शोधावे लागते. शहरात नवे घर घेणाऱ्यांनीही एक बारकावा ध्यानात ठेवावा. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली, पण ती खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तरच. दोघांच्या नावे घेतलेल्या घराला ती लागू नाही. संयुक्त मालकीला उत्तेजन द्यावयाचे, तर शासनाने या अटीचा फेरविचार केला पाहिजे.

शेताच्या बाबतीतही दिरंगाई नको. कर्ता गेल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे जमीन महसूल संहिता सांगते. दुखवट्याच्या दिवसांत हे सुचत नाही, हे खरे. अशा वेळी शेजारी, नातलग आणि गावातील शिकल्या-सवरल्या तरुणांनी त्या घरी जाऊन अर्ज लिहून देणे, हीच सांत्वनाची खरी रीत होय. आणि स्वतःचे मृत्युपत्र करून ठेवणे हे अभद्र नव्हे. तो मागे राहणाऱ्यांचा केलेला विचार आहे.

राज्यकर्त्यांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील प्रौढ स्त्रियांतील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल स्त्रीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे देण्यावर भर आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लागते. ताटातले धान्य तिच्या नावे, बाळाच्या नावात तिचे नाव, सरकारी घरकुलातही तिचे नाव. केवळ वाडवडिलांच्या जुन्या घरातच तेवढे ते नसावे, याला काय कारण?

हे काम कोणा अधिकाऱ्याच्या आदेशाने होणारे नाही. ते घराघरांतून, पुरुषाच्या पुढाकाराने आणि प्रसन्न मनाने व्हावयास हवे. मार्चअखेर घरपट्टी भरण्यास ग्रामपंचायतीत जाणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने पैशांबरोबर एक अर्जही न्यावा, पत्नीला सोबत न्यावे आणि दोघांच्या सहीने तो अर्ज तेथे दाखल करूनच परतावे. पुढे कधी वाईट दिवस आलेच, तर घराचा उतारा कोणाच्या नावे आहे हे विचारीत तिला दारोदार फिरावे लागणार नाही.