टाकीतली वाळू आणि गावभरचे सल्ले

खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळणारे सांगली-साताऱ्यात मोजकेच. त्यांना सल्ले देणारे मात्र गाडाभर. तळातली वाळू तपकिरी पडली, नायट्रेट उतरेना, की तीन मतं हमखास कानावर येतात. पहिलं : सगळी वाळू एका रविवारी उपसा, टाकी लख्ख करा. दुसरं : वाळूला बोटही लावू नका. तिसरं : पिशवीतल्या विलायती वाळूवर पैसे कशाला घालता, कृष्णामाई दारात आहे की!

तिसऱ्याचा समाचार आधी घेऊ, कारण ते ऐकायला सगळ्यात गोड लागतं. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा कराडला कोयना आणि हरिपूरला वारणा पोटात घेते. या तिन्ही नद्यांचं खोरं बेसाल्टचं, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचं. नदीची वाळू हा त्याच पाषाणाचा चुरा. बशीत चिमूटभर घेऊन वर व्हिनेगर ओता. एखादा शिंपल्याचा किंवा चुनखडीचा कण फसफसेल, बाकी सगळं ढिम्म. प्रवाळ-बेटाची वाळू मात्र सोडा टाकल्यासारखी उसळते, कारण ती मुळात चुन्याचीच. आता त्या बशीवरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काळी मिशी फुटेल. हे मॅग्नेटाइटचे कण. टाकीची काच आपण चुंबकी घासणीनेच पुसतो. असे चार कण तिला चिकटले की काचेवर कायमचे ओरखडे उठतात. क्रश सँडचा सल्ला देणाऱ्यांनाही हेच उत्तर : दगड तोच, वर कंगोरे धारदार आणि धुऊन न संपणारी भुकटी.

‘मग रत्नागिरीहून आणू,’ असंही कुणी म्हणतं. तिथल्या मांडवीच्या किनाऱ्याला ‘काळा समुद्र’ म्हणतात तो तिथल्या काळ्या वाळूमुळे. म्हणजे घाट उतरून पुन्हा काळीच वाळू गाठायची. शिवाय किनाऱ्यावरच्या वाळूउपशाला सीआरझेडचे निर्बंध आहेत. पोवळ्यांचे तुकडे वेचून आणाल तर प्रकरण आणखी गंभीर, कारण दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. (येरळा आणि माणच्या काठावर वाळूचोरी म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. निदान मासे पाळणाऱ्यांनी तरी त्यात भर घालू नये.)

विलायती वाळूचे भाटही काही कमी नाहीत. ‘ॲरागोनाइट घाला, पीएच आपोआप सांभाळला जाईल,’ हे त्यांचं पालुपद. टाकीचा पीएच 8.1 ते 8.3 असतो आणि तेवढ्यात ॲरागोनाइट जवळजवळ विरघळत नाही. प्रवाळांना लागणारं कॅल्शियम आणि क्षारता वेगळीच पुरवावी लागते. तरीही वाळू ॲरागोनाइटचीच घ्यावी, कारण तिच्यात लोखंडाचे कण नसतात आणि तळ उकरणाऱ्या माशांना ती मानवते. कारण एवढंच आहे, आणि ते पुरेसं आहे.

एका रविवारी सगळं उपसणाऱ्यांची खोड गोल्डफिशच्या टाकीतून आलेली. गोड्या पाण्यात ती बऱ्याचदा खपून जाते. पीएच 7 च्या आसपास अमोनियाचा बहुतेक भाग निरुपद्रवी रूपात राहतो. पीएच एका अंकाने चढला की त्याचा विषारी वाटा जवळपास दहापट होतो. समुद्राच्या टाकीत वाळू ढवळून साचलेली घाण वर आणायची आणि अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच दिवशी वाळूबरोबर फेकून द्यायचे, हा दुहेरी घात आहे. थर दहा सेंटिमीटरहून जाड असेल तर खाली प्राणवायू नसतो. तिथला हायड्रोजन सल्फाइड सुटला की सडक्या अंड्याचा वास येतो आणि मासे धापा टाकू लागतात.

हात न लावणाऱ्यांचं निम्मं खरं आहे. जाड थराच्या तळाशी नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन-तीन इंचांच्या थरात ते काम बेताचंच होतं आणि घाण मात्र नेमाने साचते. वर चुन्याची वाळू फॉस्फेट धरून ठेवते आणि पुढे सावकाश सोडते. म्हणूनच पाणी कितीही बदला, फॉस्फेट पुन्हा तिथल्या तिथे. असा तळ बदलावाच लागतो. वाळूच नको म्हणून काच उघडी ठेवणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की वाळूत शिरून झोपणाऱ्या रॅस माशाने रात्री जायचं कुठे?

तेव्हा बदला, पण पट्ट्यापट्ट्याने. पातळ थर असेल तर तळाचे चार भाग पाडा. पाणी बदलतानाच एका भागाची वाळू जाड नळीने सायफन करून बादलीत ओढा; पंज्याने उकरू नका. लाइव्ह रॉक जागचे हलवू नका, जिवाणूंचा मोठा साठा तिथे आहे. नवी वाळू आरओच्या पाण्यात खळखळून धुवा आणि पीव्हीसी पाइपातून थेट तळाशी सोडा, म्हणजे टाकीचं ताक होणार नाही. जुन्या थरातली वरची मूठभर वाळू विरजणाला ठेवा. थर जाड असेल तर मासे आणि प्रवाळ आधी वेगळ्या खाऱ्या पाण्यात हलवा, मगच हात घाला. दोन पट्ट्यांमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, आणि टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसल्याशिवाय पुढच्या पट्ट्याला हात लावू नका.