सोलापूरच्या हवेत आवाज कुणाचा?

सोलापुरात आकाशवाणीचं केंद्र जुनं. त्यानंतर रेडिओ सिटी, बिग एफएम, माय एफएम अशा खासगी वाहिन्या आल्या. वरून पाहिलं तर मोठी स्पर्धा. ऐकायला बसलं की तीच हिंदी गाणी, त्याच धाटणीचे विनोद, सराफांच्या आणि क्लासेसच्या जाहिराती. ही स्पर्धा जाहिरातदाराच्या पैशासाठी आहे. ज्याच्या खिशात खरेदीची ताकद नाही, तो श्रोता या हिशेबात धरलाच जात नाही.

यात निवेदक पोरापोरींचा दोष नाही. खासगी एफएमची वारंवारता लिलावात मिळते, म्हणजे ज्याच्याकडे भांडवल त्याचाच आवाज. रेडिओ सिटी जागरण समूहाची, माय एफएम भास्कर समूहाची. भास्करचाच 'दिव्य मराठी' सोलापुरात वाचला जातो. छापील पानाचा मालक आणि कानातल्या आवाजाचा मालक एकच.

त्यात खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पाणीपुरवठा, वाहतूक, हवामान यांची माहिती चालते. म्हणजे आपल्या पेठेत पाणी कधी येणार हे सांगता येतं. उजनी भरलेली असताना ते चार-पाच दिवसांनी का येतं, हे विचारलं की ती बातमी झाली!

पण प्रस्थापित माध्यमं आपली दखल घेत नाहीत, एवढंच किती वर्षं म्हणत राहायचं? १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेब त्यावर रडत बसले नाहीत, त्यांनी आपलं पत्र चालवलं. रेडिओचं मोलही ते जाणून होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, हे त्यांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरूनच देशाला सांगितलं.

हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. २००६ पासून नोंदणीकृत सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. त्यासाठी लिलाव नाही. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, राजकीय पक्षाशी संबंधित नको. बातम्यांचं बंधन इथेही आहे, पण शिष्यवृत्ती, किमान वेतन, ॲट्रॉसिटी कायदा, आरोग्य यांवर आपल्याच माणसांनी बोलायला कुणाची आडकाठी नाही.

हे कुणी केलंय का? सोलापूरहून हैदराबादच्या महामार्गाने निघालात की जहीराबाद लागतं. त्या भागातल्या माचनूर गावात २००८ पासून 'संघम रेडिओ' चालतो. चालवतात दलित शेतकरी-शेतमजूर स्त्रिया, आपल्या बोलीतल्या तेलुगूत. परवाना येण्याआधी दहा वर्षं त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून गावोगावच्या बैठकांत ऐकवत होत्या. आपल्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी'ही त्याच वर्षीची.

काही कार्यकर्ते म्हणतात, यूट्यूब असताना रेडिओ कशाला? यूट्यूबला डेटा लागतो आणि डोळे लागतात. विडी वळणाऱ्या बाईचे हात आणि डोळे कामात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. शिवाय आपले व्हिडिओ बहुतेक आपल्याच लोकांपर्यंत फिरत राहतात. रेडिओ भिंतीपलीकडच्या घरातही ऐकू जातो, आणि या शहरात ते घर तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारं असू शकतं. १०० वॅटपर्यंतचा प्रक्षेपक साधारण दहा किलोमीटर पोचतो. तेवढ्यात शहराचा बराच भाग येतो.

पैशाचा प्रश्न खरा आहे. ताशी १२ मिनिटं जाहिराती घेता येतात, पण सुरुवातीचा खर्च आपल्यालाच उभा करावा लागेल. १४ एप्रिलला एकेक मंडळ डीजेवर किती उधळतं, हे ज्याला त्याला माहीत आहे. त्या रात्रीचा आवाज रात्रीबरोबरच संपतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर दोनच प्रश्न ठेवा: आपल्यापैकी कोणत्या संस्थेचं नोंदणीपत्र तीन वर्षांहून जुनं आहे, आणि कुणाचे ऑडिट अहवाल पूर्ण आहेत?

जय भीम.